मोटार लातुरात, आम्ही किनवटला

दोन वर्षं आई किनवटच्या मावशीकडे गेलेली नव्हती. कारण आमचं बोअर. दुष्काळात लातूरच्या आमच्या गल्लीत नळ नावालाच उरला, आणि पाच घरं या एका बोअरवर आली. ते एका दमात कधी वीस मिनिटं पाणी देतं, कधी बारा, मग तीन तास थांबायचं. पाइपात हवा शिरल्याचा आवाज आईला बरोबर कळतो. ती मोटार बंद करते. उशीर झाला तर कोरडी फिरून मोटार जळते, आणि यंदा ती वर काढायला माणसं आठ-आठ दिवस मिळत नाहीत. म्हणून आई घर सोडत नाही.

मी घरी बसून कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. माझा स्वतःचाही एक जुना संगणक कपाटाखाली कायम चालू असतो. त्याला मी मोटारीचा स्टार्टर जोडला आणि करंट मोजणारं यंत्र लावलं. पाणी संपलं की त्यावरचा आकडा घसरतो. मग पाऊण किलोचा जुना लॅपटॉप घेतला. त्यात काळा पडदा आणि कीबोर्ड, एवढंच म्हणा. मोबाइलच्या नेटवरून घरच्या संगणकाशी जोडायचं. इथे टाइप केलेलं तिथे घडतं. तुम्हीही असं काही घेणार असाल तर कीबोर्ड चांगला पाहून घ्या, बाकी सगळं चालून जातं. आकडा घसरला की मोटार आपोआप बंद व्हावी, एवढं लिहायचं राहिलं होतं. दोन महिने राहिलंच होतं. तोवर आकडा पाहत बसायचं आणि तो घसरला की मोटार मीच टाइप करून बंद करायची.

घराची किल्ली शेजारच्या रझियाआपांकडे दिली आणि आईला जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं. अहमदपूर, लोह्यावरून नांदेड, चारेक तास. सकाळी निघालात तर डाव्या खिडकीला बसा, ऊन उजवीकडून येतं. अहमदपूरला चहा घेता घेता मी मोटार सुरू केली.

"झाली चालू?" आईने विचारलं.

"झाली. हा बघ आकडा."

"आवाज तर येईना," ती म्हणाली, पण आकड्यावरून नजर हटवली नाही.

नांदेडहून दुपारची रेल्वे. वेळ आधी विचारून जा, गाड्या मोजक्याच आहेत. आमच्या डब्यात नव्या जिल्ह्याचा वाद रंगला होता. "एका कागदासाठी नांदेड गाठावं लागतंय. किनवट जिल्हा झालाच पाहिजे," फेटेवाले एक काका सांगत होते. आई म्हणाली, "आमचा लातूर जिल्हा होऊन किती वर्सं झाली. पानी आलं का?" काका हसले आणि तिला सरकून नीट जागा करून दिली.

मुदखेडला गाडी बराच वेळ थांबते. अर्धापूरची केळी घेतली, मोटार सुरू केली, आणि हात रिकामे म्हणून मला सुचलं, घरच्या संगणकाचा पहारा जरा कडक करावा. कुणाला आत सोडायचं नाही याचा एक नियम टाइप केला. चुकीचा. पडदा जागीच गोठला. मी स्वतःलाच बाहेर काढलं होतं. बाहेर उभं राहून कुलपाला हात लावायचा नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवते.

"काय करलालीस?" आईने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. मोटार सुरू होऊन आठ मिनिटं झाली होती. रझियाआपांनी फोन उचलला नाही. पुन्हा लावला. अकराव्या मिनिटाला उचलला, तोवर आईने तो माझ्या हातातून घेतला होता. "रझिया, पळ. मोटारीचं लाल बटन दाब." फोन कानाला लावून ती ऐकत राहिली, दार, पावलं, मग मोटार. "हवा ओढलाली," ती पुटपुटली. आवाज बंद झाला. "वाचली."

मला रडूच आलं. भीतीपेक्षा लाज जास्त. आपांना संगणक बंद करून चालू करायला लावला. नवा नियम मी कायमचा नोंदवला नव्हता, त्यामुळे तो पुसला गेला आणि मला परत आत जाता आलं. "उतरायचं का?" मी आईला विचारलं. तेवढ्यात गाडी हलली. आईने केळं सोललं.

मावशी किनवटला मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. "जयभीम बाई, किती वाट पाहून राहिलो तुझी," म्हणून तिने आईला मिठीच मारली. जवळचा सहस्रकुंड धबधबा यंदा पाहू नका, नुसता काळा खडक आहे. त्यापेक्षा ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा खा.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेलं काम लिहायला बसले. आई शेजारी बसली. "आकडा पडेस्तोवर थांबू नको," ती म्हणाली. "हवा शिरली की मोटार आधी कापते." जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर आकडा घसरण्याआधी अर्धं मिनिट खरंच थरथरत होता. तिचं ऐकून तीन ओळी बदलल्या. पुढच्या वेळी मोटार अगदी वेळेवर बंद झाली. मग ती म्हणाली, "चालू कशी करतेस, ते दाव मला."

घरी परतून महिना झाला. बॅगेतली केळी संपली, चूक मात्र अजून आठवते आणि मान खाली जाते. आई पुन्हा किनवटला गेली आहे, एकटी, तो छोटा लॅपटॉप घेऊन. दोन दिवसांसाठी म्हणून गेली, आज नववा दिवस. दर तीन तासांनी इथे मोटार सुरू होते आणि मी बादल्या घेऊन पळते. काल फोनवर विचारलं, कधी येणार?

"काय घाई हाय?" आई म्हणाली. "पानी तर चालू हाय की."