डिकीवरचा हात

भागोजी मांडवकर गाड्या रंगवायला लागला तो देवांच्या कृपेने नव्हे, देवांनी हाकलल्यामुळे, असं त्याची बायको सखू सगळ्यांना सांगायची. त्यात खोटं फारसं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून भागोजी रत्नागिरीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवत होता. स्प्रे गन हातात आली ती तिथेच. पुढे मालकाच्या मुलाने बाहेरून तयार मूर्ती आणायला सुरुवात केली, तेव्हा भागोजीने आपली गन पिशवीत घातली आणि कुवारबावला, हमरस्त्यापासून जरा आत, पत्र्याची शेड उभी केली.

"आधी देवांना सोनेरी मुकुट चढवायचात, आता चाकांना चढवा," सखू म्हणाली. "नैवेद्य तेवढा मलाच करायला लावू नका म्हणजे झालं."

शेड चालली ती रबराच्या रंगावर. हा रंग गाडीवर पातळ थरांनी मारत जायचा. सुकला की त्याचं रबर होतं. लाल गाडी काळी करा, काळी हिरवी करा. हौस फिटली की कोपरा नखाने उचलायचा आणि ओढायचं. केळ्यासारखं साल निघतं आणि खाली मूळचा रंग जसाच्या तसा. ओढायचं काम सखूच्या आवडीचं. बॉनेटचं साल अखंड निघालं की ती ते झटकून दोरीवर टाकायची. दोरीवर ती सालं वाऱ्याने हलत राहायची. दाराचं दाराच्या आकाराचं, टपाचं टपाच्या आकाराचं. गाडी निघून गेली आणि तिचं अंग तेवढं मागे राहिलं, असं वाटावं. भागोजी त्यांच्याकडे पाठ करून कधी जेवायला बसत नसे.

कारखान्यातल्या दोन सवयी त्याने सोबत आणल्या होत्या. एक म्हणजे डोळे शेवटी उघडायचे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शेवटी, तशी गाडीच्या दिव्यांवरची चिकटपट्टी शेवटी काढायची. दुसरी म्हणजे मूर्तीला एकदा हळद लागली की तिला फडकं लावायचं नाही. मग रंग ओघळलेला दिसो, बोट तिरकं दिसो. हळद लागलेल्या मूर्तीचं एकच करायचं, विसर्जन. पहिल्या सवयीने कुणाचं काही बिघडलं नाही. दुसरीने बिघडलं.

मिऱ्याची दर्शना पाटील पांढरी गाडी घेऊन आली, ती चैत्रातली एक सकाळ होती.

"दादा, रंग बदलायचाय. पण निघेल असाच हवा."

"हौस म्हणून?"

"हौस कसली!" ती हसली, पण हसू लगेच आवरलं. "सासूबाई कायमचा रंग लावू देत नाहीत. म्हणतात, तो आला तर गाडी ओळखायचा नाही."

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा रितेश जहाजावर होता. भर समुद्रात एका पहाटे तो जहाजावर दिसेना, आणि पुन्हा कुणालाच दिसला नाही. त्याला कितीतरी पावसाळे झाले. गाडी तेव्हापासून कापडाखाली होती. आता दर्शनाला पावस गावच्या दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम मिळालं होतं आणि गाडी हवी होती. पण पांढरी गाडी फाटकातून आत शिरली की सासूबाई, आनंदीबाई, हातातलं टाकून धावत घरापुढच्या खळ्यात यायच्या. दार उघडून सून उतरली की तिथेच मटकन बसायच्या. रोज संध्याकाळी हेच.

"रोज त्यांच्यासमोर मी मेलेल्या माणसाच्या जागी उतरते, दादा. मला नाही होत आता."

मेलेल्या म्हणाली आणि तिने स्वतःच जीभ चावली. कपाळावर तिच्या टिकली होती.

भागोजी गाडी धुवायला लागला. मागे आला तर डिकीवर एक हात उमटलेला. तेलात कालवलेल्या हळदीचा, उजवा, पाची बोटं फाकलेली. गाडी घरी आणली त्या दिवशी, दर्शनाने सांगितलं, पूजेच्या ताटात हात बुडवून रितेशने तो गंमत म्हणून मारला होता. आईने नंतर तिथे पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता.

रबराच्या रंगाला तेलाचं वैर. खाली तेलकट काही राहिलं की रंग तिथे धरत नाही. हे भागोजीला झोपेतही ठाऊक होतं. त्याने फडकं भिजवलं, हाताजवळ नेलं, आणि मागे घेतलं. हळद लागली होती. शिवाय ज्याचं सुतक कुणी पाळलेलं नाही, त्याचा हात आपण कोण पुसणारे? त्याने गन उचलली आणि त्या हातावरून निळा रंग मारत गेला. थरामागून थर. हात दिसेनासा झाला. शेवटी दिव्यांवरच्या पट्ट्या निघाल्या आणि गाडी परक्या नजरेने त्याच्याकडे बघायला लागली.

"ओळखू येत नाही हो," दर्शना म्हणाली. खूश होती.

महिनाभरात ती पुन्हा आली, या वेळी गाडीविना, एस.टी.ने. शेडच्या दारातच उभी राहिली.

"दादा, गाडीवर तुम्ही काय केलंत?"

"का? फाटला का कुठे?"

"तुम्ही चला. दुपारी चला. दुपारीच दिसतं."

मिऱ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. खळ्यात निळी गाडी उभी. तिच्यामागे, डोक्यावर पदर घेऊन, आनंदीबाई जमिनीवर बसलेल्या. त्यांचा तळहात डिकीवर टेकलेला होता.

"बस रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या, घरात कुणी निजलेलं असावं तशा. "आत्ता उठेल."

भागोजी बघत राहिला. गुळगुळीत निळ्या रंगात आधी अंगठा वर आला. मग एकेक बोट. मग तळवा. ऊन चढत होतं तसतसा आतून हात फुगत होता, कुणी पलीकडून पत्र्याला रेटावं तसा. आनंदीबाईंनी आपली बोटं त्या बोटांवर ठेवली.

"संध्याकाळी परत आत जातो," त्या म्हणाल्या. "थकतो ना. पण रोज येतो हं! एक दिवस चुकला नाय."

दर्शनाने भागोजीला माडाखाली ओढलं. "गाडी हलवू देत नाहीत. जेवण तिथेच. परवा उन्हाने भोवळ येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी असं झालं तर म्हातारी हाताला लागायची नाही. दादा, काय आहे ते?"

काय आहे ते भागोजीला माहीत होतं. तेलावर रंग धरला नव्हता, खाली हवा राहिली होती, उन्हात ती फुगत होती. एवढंच. पण ते सांगायचं म्हणजे फडकं घेऊन तो हात पुसण्यासारखंच होतं. न सांगावं, तर पुढचं ऊन होतंच. आणि एवढंच असेल, तर आपल्या हाताला दरदरून घाम का सुटला, हेही त्याला कळेना.

तो आनंदीबाईंपुढे उकिडवा बसला. "काकी, चूक माझी. खाली हळद होती, ती मी पुसली नाय. आत वारा राहिलाय. उन्हाने वारा फुगतो. तो... ते तो नाय, काकी."

आनंदीबाईंनी हात उचलला नाही.

"हळद मीच वाटलेली," त्या म्हणाल्या. "तेल मीच घातलं. मला नाय कळत? वारा तर वारा. बाकी कोण येतं मला भेटायला?" मग त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "ही येते, तर हिच्याकडे माझं लक्ष नसतं."

दर्शना आत निघून गेली.

"पुसलास का नाय मग?" आनंदीबाईंनी विचारलं.

"मी देव रंगवायचो, काकी. हळद लागल्यावर पुसत नाहीत."

"मग काय करतात?"

भागोजी नखातला रंग खरवडत राहिला. त्यांनी वाट पाहिली. त्या त्याच्याकडून वदवूनच घेणार होत्या.

"विसर्जन," तो म्हणाला.

"सोल मग."

डिकीच्या कडेला त्याने नख घातलं. रबर सावकाश सुटत आलं. हातापाशी आलं तेव्हा ओढ लागली, आतून कुणी धरून ठेवल्यासारखी. मग सुटलं. खाली पत्रा पांढरा, स्वच्छ. हळदीचा डागसुद्धा नाही. सगळा हात सालाच्या आतल्या अंगाला उतरून आला होता. आणि पत्र्यावर असताना पाठमोरा वाटणारा तो हात आता तळवा समोर करून होता, दारातून निघताना माणूस निरोपाला धरतो तसा.

आनंदीबाईंनी त्यावर आपला तळवा ठेवला. मग काढून घेतला.

"जहाजावर जाताना येतो म्हणून गेलेला," त्या म्हणाल्या. "आज जातो म्हणतोय."

ओहोटी लागल्यावर तिघं समुद्रावर गेली. आनंदीबाईंनी तो तुकडा पाण्यात सोडला. रबर बुडेना. हात वर करून ते लाटेवर तरंगत, लांब लांब जात राहिलं. "मागे बघायचं नाय," त्या म्हणाल्या आणि सुनेचा दंड धरून वळल्या. "टिकली काढू नकोस. पण गाडी चालव."

भागोजीने मागे बघितलं. रंगाऱ्याची खोड, काम नीट झालं का, ते बघायला हवंच. मावळतीच्या उन्हात हात अजून पाण्यावर होता. आणि तो लहान होत नव्हता. लांब जात होता, पण लहान होत नव्हता.

डिकी त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवली, तीनतीनदा पुसून. आता निळी गाडी रोज पावसला जाते-येते. आनंदीबाई सुनेची वाट पाहतात आणि उशीर झाला तर तिला बोलतात. रंग तिथे पुन्हा कधी फुगला नाही. फक्त भर उन्हात, बाकीची गाडी तव्यासारखी तापलेली असताना, डिकीवरची तेवढी जागा गार लागते.

भागोजीने हे फक्त सखूला सांगितलं. "तुमच्या हाताला रंगाचे घट्टे पडलेत," ती म्हणाली. "तुम्हाला गार काय आणि गरम काय!"

पुढे दर्शना गाडी धुवायला शेडवर घेऊन आली. टळटळीत दुपार होती. सखू बोलता बोलता मागे गेली आणि तिने डिकीवर सहज हात टेकला. बोलणं अर्ध्यात थांबलं. हात काढून तिने तो पदराला पुसला, आणि दोरीवरची सगळी सालं उतरवून ठेवली.