पायलीवरची शीग

एक पायली म्हणजे किती किलो, हे मला विचारू नका. विचारलंत तर मी उलट विचारीन: कुठल्या गावची पायली, कशाची, आणि कोण कोणाला मापून देतंय?

बावीस वर्षं मी सदाशिव पेठेतल्या एका संस्थेत मोडी कागद वाचते आहे. जुनं बाड सोडायचं, वाचायचं, बाळबोधीत उतरवून द्यायचं, एवढंच माझं काम. मग ते उतारे कुणी विद्वान घेऊन जातात, त्यावर जाडजूड पुस्तक लिहितात आणि सुरुवातीला ‘संस्थेच्या कर्मचाऱ्यांचेही आभार’ अशी एक ओळ टाकतात. कर्मचारी म्हणजे मी आणि आमचा शिपाई. त्या ओळीत आम्ही दोघं अर्धे अर्धे.

तीन वर्षांपूर्वी संस्थेत एक मोठा प्रकल्प आला. पुण्याच्या आसपासच्या काही गावांचे दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे धान्याचे कागद घ्यायचे आणि त्यातल्या खंडी, मण, पायली, शेर या सगळ्याचे क्विंटल करायचे. म्हणजे त्या काळी हेक्टरी किती पिकत होतं आणि कोणाच्या वाट्याला किती येत होतं, ते आजच्या माणसाला कळेल. ऐकायला सोपं वाटतं. पण पायली हे वजन नाही हो, भांडं आहे. त्यात ज्वारी भरली तर एक वजन, तांदूळ भरला तर दुसरं, आणि शेंगा भरल्या तर तिसरंच काहीतरी. त्यातून मण कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळा पायल्यांचा. खराडीच्या एका कंपनीतली मुलगी या कामासाठी संगणकावरचा तक्ता तयार करत होती. गोड बोलायची. दर आठवड्याला तिचा फोन यायचा, “मॅम, एकच फॅक्टर द्या ना, मी मल्टिप्लाय करून टाकते.” मी म्हणायचे, करून टाक बाई, तुझ्या त्या मल्टिप्लायला कोण अडवतंय, पण आकडा कुठून आणू?

तरी खरं सांगते, त्या कामात मी रमले. आमच्या सरांनी, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुखांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की रूपांतराचा तक्ता माझ्या नावाने छापला जाईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर तिने शेजारच्या दोन बिऱ्हाडांत लगेच वर्दी दिली.

दुसऱ्या वर्षी एका गावच्या कागदांत मला एक शब्द सापडला. वसुलीच्या धान्यापुढे लिहिलेलं होतं, ‘शिगेसुद्धा’. मग तो इतर गावांतही दिसू लागला. शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग चढतो तो. वसुलीत येणारं धान्य शीग चढवून मापलं जायचं, हे त्या शब्दाने पक्कं झालं. मात्र बलुतेदारांना दिलेल्या धान्यापुढे तो शब्द एकदाही नव्हता. तिथे नुसतं ‘पायली दोन’, ‘पायली तीन’. मी पन्नासेक कागद पुन्हा काढून पाहिले. नाहीच.

आता याचा अर्थ काय, हे मला पुस्तकात शोधायची गरज नव्हती. आमचं मूळ गाव भीमेच्या काठचं. छप्पन्न साली दीक्षा घेतली तोवर आमचं घर महारकीची कामं करत होतं आणि बलुतं घेत होतं. आई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. त्याआधी सुगीच्या दिवसांत ती आपल्या आईबरोबर टोपली घेऊन खळ्याच्या कडेला सकाळपासून उभी राहायची. सगळ्यांचं मापून झालं की शेवटी यांचं.

जुन्या बाजारातून मी एक पितळी पायली आणली, चांगली ठोके पडलेली, आणि किराणा दुकानातून ज्वारी. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात पेपर अंथरून आईला समोर बसवलं. तिला आता डोळ्यांनी धड दिसत नाही, नजरेच्या मधला भागच गेला आहे, पण हात शाबूत आहेत. मी पायली शिगोशीग भरली. तिने वरून तळवा फिरवून ढीग चाचपला आणि म्हणाली, हे त्यांचं घ्यायचं माप. घेताना पायली हलवून हलवून दाणा बसवायचे, मग वर चढवायचे, वर आणखी एक ओंजळ. मग तिने आपला हात आडवा धरून पायलीच्या काठावरून सपकन ओढला. ज्वारी पेपरावर पडली.

“आन हे आमचं,” ती म्हणाली. “एवढं लिही. आजवर कुनी लिवलं न्हाई.”

मी दोन्ही काट्यावर तोलून पाहिलं. अर्ध्या किलोला थोडाच कमी फरक, एका पायलीमागे. आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि पेपरावरचा दाणा न् दाणा गोळा करून डब्यात भरला. मी म्हटलं राहू दे गं, मी करते. तिने ऐकलं नाही.

सोमवारी मी सरांकडे गेले. सर अत्यंत सभ्य माणूस. बसायला सांगितलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, पायलीला दोन आकडे लागतील. येणाऱ्या धान्याला शिगेचा, बलुत्याला सपाट मापाचा. त्यांनी विचारलं, सपाट मापाचा लेखी पुरावा कोणता? मी म्हटलं, तो शब्द तिथे नाही हाच पुरावा, आणि आईने सांगितलं तेही आहे. सर म्हणाले, “आपल्या मातोश्रींबद्दल मला आदर आहे. पण आठवणीला दफ्तर क्रमांक नसतो.” शिवाय आईचं म्हणणं सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं आणि कागद त्याच्या किती आधीचे. मी म्हटलं, निदान एक तळटीप तरी? ते म्हणाले, लिहून द्या, पाहू. मी दीड पान लिहून दिलं. चार वेळा खोडून लिहिलं, कुठे रडका सूर लागू नये म्हणून. आपल्याकडे हे एक बरं असतं, आपण रडलो की लगेच म्हणतात, विषय भावनिक केला.

गेल्या दिवाळीनंतर छपाईपूर्वीची पानं तपासायला माझ्या टेबलावर आली. मी आधी तळटीप शोधली. नव्हती. ठीक आहे म्हटलं, डोंबलाची तळटीप. पण मग तक्ता पाहिला. लेखी पुरावा काय तो शिगेचा, म्हणून शिगेचाच आकडा सगळीकडे लावला होता. वसुलीला शिगेचा आणि बलुत्यालाही शिगेचा. जी शीग आमच्या टोपलीत कधी पडली नाही ती कागदावर मात्र भरभरून ओतली होती. आणि त्या वाढीव क्विंटलांवर प्रकरणाचा शेवट केला होता: बलुतेदारांना मिळणारे धान्य त्यांच्या कुटुंबांच्या गरजेस पुरेसे होते, सबब त्यांच्या उपासमारीच्या कथा अतिशयोक्त मानाव्या लागतात.

मला इतका संताप आला की जिना चढताना मी मोठ्याने बडबडत होते. सरांसमोर पानं ठेवली आणि म्हटलं हे खोटं आहे. त्यांनी चष्मा काढला. आवाज जरासुद्धा चढला नाही.

“तक्ता आपल्या नावाने जातो आहे. मान्य नसेल तर तसं लिहून द्या, मी दुसऱ्या कोणाचं नाव घालतो. छापायचं ते छापलं जाईलच.”

मी खाली आले. कोपऱ्यावरच्या टपरीवर उभ्याने चहा घेतला. खूप विचार केला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं काही नाही. मी नाव काढलं तरी तक्ता तसाच छापला जाणार, मग निदान नाव तरी राहू दे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि सांगताना मला पक्कं ठाऊक होतं की हे खरं कारण नाही. मला माझं नाव छापलेलं हवं होतं. बस्स. पेला खाली ठेवला, वर गेले, आणि पानांवर ‘तपासले’ असं लिहून सही केली. सर म्हणाले, छान. मला त्यांचा राग येतो, पण त्यांनी मला फसवलं नाही. त्यांनी माझी किंमत बरोबर ओळखली, एवढंच.

पुस्तक आलं. प्रकाशनाच्या समारंभात मला गुलाबाचं फूल मिळालं. एका वर्तमानपत्राने बलुत्याच्या प्रकरणावरच बातमी केली, ती मी घरी येऊ दिली नाही. पुस्तक मात्र न्यावंच लागलं, आई रोज विचारत होती.

तिने ते मांडीवर घेतलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, जाडी चाचपली. मला माझं नाव वाचायला लावलं, एकदा, मग पुन्हा एकदा. मग म्हणाली, “आन मी सांगितल्यालं?”

मी म्हटलं, “घातलंय.”

“कुठं हाय? माझं बोट ठेव त्याच्यावर.”

मी पान उघडलं. दुसरी ओळ शोधायलाही मला सुचलं नाही. तिचं बोट धरून मी ते बलुत्याच्या प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यावर ठेवलं. तिने बोट हळूहळू ओळीच्या टोकापर्यंत नेलं, परत मागे आणलं, आणि पुन्हा नेलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता कुनी म्हनायचं न्हाई, की त्यांना पोटभर देत व्हते म्हनून.”