झुरळ टाळण्यासाठी मायक्रोबायोलॉजी

लातूरला वर्षभर क्लास करून मी पहिल्यांदा मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली. मार्क ऐकून अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे एका विषयाचे हायेत का सगळे मिळून?"

सगळे मिळूनच होते.

माझे वडील, म्हणजे अण्णा, मुदखेडच्या शाळेत शिकवतात. रिकामं बसलेलं माणूस त्यांना बघवत नाही. पुन्हा परीक्षा दे, पण सोबत नांदेडला बीएस्सीलाही नाव घाल, असं त्यांनी जाहीर केलं. "मेडिकलला लागलीस तर सोडून दे. न्हाई लागलीस तर वर्ष तर वाया जात न्हाई."

प्रश्न उरला, कोणती बीएस्सी? अण्णांचं मत साध्या केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजीला होतं, कारण नीटलाही तेच लागतं. लातूरच्या मामाचं औषधांचं दुकान आहे. तो मायक्रोबायोलॉजीसाठी अडून बसला. "दाजी, लॅबवाले माणसं शोधून राहिलेत. पोरगी लगेच कामाला लागंल." दोघं फोनवर तासभर भांडले. मला कुणी विचारलं नाही ते बरंच झालं, कारण माझं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

मला झुरळाची भीती वाटते. अकरावीच्या पुस्तकात झुरळाचं पानभर चित्र होतं, म्हणून ते पान मी शेजारच्या पानाला स्टेपल करून टाकलं होतं. नीटला नेमका त्याच पानावरचा प्रश्न आला. त्यात शेजारच्या ताईनं सांगून ठेवलेलं, की झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला झुरळ हातात धरून कापावं लागतं. मायक्रोबायोलॉजीतही जीवच होते, पण ते डोळ्यांना दिसत नव्हते.

"मामा म्हणतो ते बरोबर आहे," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "पुढं स्कोप आहे."

स्कोप म्हटलं की अण्णांना पुढे बोलता येत नाही.

नांदेडच्या कॉलेजात आम्ही फी भरली. खिडकीपाशी झूलॉजीचे एक वयस्कर सर उभे होते. माझी बारावीची गुणपत्रिका बघून म्हणाले, "बायोलॉजीला चांगले मार्क आहेत की. आमच्याकडं का नाही आलीस?"

"सांग की सरांना," अण्णा म्हणाले.

"सर, ते झुरळ कापायचं असतं ना..."

सर हसायलाच लागले. "अगं, ते बंद होऊन किती वर्षं झाली! आता कॉम्प्युटरवर दाखवतो आम्ही."

अण्णांनी हातातल्या पावतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "झुरळापायी? अन् तुझं डॉक्टर व्हायचं चाललंय! पेशंटच्या घरी झुरळ निघालं तर काय करशील?"

"पेशंट दवाखान्यात येतात, अण्णा."

"दवाखान्यात तर लई असतात!"

विषय बदलून घेता आला असता. सरांनी तसं सांगितलंही. पण खिडकीपुढची सगळी रांग हसत होती, म्हणून मी हट्टानं मायक्रोबायोलॉजीच धरून ठेवली.

पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी काचेच्या छोट्या बश्या दिल्या. त्यातल्या जेलीसारख्या थरावर बोटं टेकवायची आणि दोन दिवसांनी काय उगवतं ते बघायचं. मी गुपचूप साबणानं हात धुऊन आले होते. तरी दोन दिवसांनी वर्गात सगळ्यात दाट पीक माझ्याच बशीत आलं. मॅडमनी ती बशी बाकाबाकांवरून फिरवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बशी परत आल्यावर मी बघतच राहिले. पांढरे, पिवळे ठिपके, आणि मधोमध एक गुलाबी. हे सगळं माझ्या बोटांवर होतं आणि मला पत्ताच नव्हता. त्या नादात घरी जायची मुदखेडची गाडी चुकली.

मग नीटचा अभ्यास करता करता मी तासन्‌तास त्या लॅबमध्ये रमायला लागले. आई कणीक मळताना मी तिला हातांवरचे जंतू समजावून सांगायचे. ती म्हणायची, "बरं, मग तूच मळ."

पुढच्या वर्षी मेडिकलला नंबर लागला. घरी पेढे वाटले. मामानं फोनवर अण्णांना ऐकवलं, "बघा, माझ्यामुळं!" कॉलेज सोडल्याचा दाखला काढायला अण्णांसोबत गेले तेव्हा सह्या घेता घेता लॅबच्या दारात मला रडू फुटलं. अण्णा गोंधळले. वर्षभर ज्यासाठी राबली ते मिळालं, तर पोरगी का रडते, हे त्यांना कळेना.

मॅडमनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "रडू नकोस गं. तिथं दुसऱ्या वर्षाला मायक्रोबायोलॉजी आहे."