करदोड्यातली नाळ

“मग ही नाळ घ्या! ही आमच्या घरात सांभाळलीय, कुठल्या कंपनीत नाही!” अप्पा ओरडत होते. अण्णा नगर भागातल्या त्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या वडिलांचा आवाज असा चढला की जमिनीखालची मेट्रोसुद्धा दचकून जागीच उभी राहिली असणार. दीड वर्षाच्या भाचीचा करदोडा तोडून त्यातला चांदीचा ताईत त्यांनी डॉक्टरबाईंच्या टेबलावर आपटला होता.

आम्ही तंजावरकडचे मराठी. बाळाची गळून पडलेली नाळ वाळवायची, ताइतात भरायची आणि जिवावरचं दुखणं आलं की उगाळून द्यायची, ही आमच्या घरची रीत. बारशाला मी त्यावरून अप्पांना सोलून काढलं होतं. या वेळी आमचं काम आधुनिक, पोरीच्या नाळेतलं रक्तही एका कंपनीच्या थंडगार टाकीत ठेवलेलं. कंपनीच्या माणसानं चार आजार सांगितले, मी चाळीस केले. “थेंबभर घेतलं की नवं यकृत, नवा गुडघा. लागला तर नवा जावईसुद्धा उगवून देतात.” पंगत हसली. अक्का, माझी बहीण, हसली नाही. लक्ष देऊन ऐकत होती.

गेल्या महिन्यात पोरीला थॅलेसेमिया निघाला. अंगात धड रक्तच बनत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवायचं. घरात सगळे रडले, अक्का तेवढी कोरडी. “टाकीत आहे ना,” म्हणायची.

तेच मागायला आम्ही आलो होतो, आणि डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. “बिघाड जन्मापासूनचा आहे. साठवलंय तेही तिचंच रक्त. त्यातही तोच बिघाड. सख्खं, निरोगी, जुळणारं भावंड असतं तर गोष्ट वेगळी.”

अक्काला ही एकच, तीही चाळिशीत झालेली. अप्पांचा ताईत निघाला तो यानंतर. बाईंनी तो न उघडता हलकेच परत सरकवला. “यात जिवंत काही उरलेलं नाही, अय्या,” त्या तमिळ अदबीनं म्हणाल्या.

माझी जीभ तेव्हाही गप्प बसली नाही. म्हटलं, एक क्लिनिक परक्या बाळांच्या नाळेतल्या पेशी टोचतं म्हणे, कुठल्याही आजाराला.

“कुठल्याही आजाराला म्हणणाऱ्याकडे जाऊ नका,” बाई म्हणाल्या. “न जुळणारं काही अंगात घातलं तर जीव जाऊ शकतो.”

अप्पा एकदम म्हातारे दिसायला लागले. तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारू बघत होते.

लिफ्टपाशी मी अक्काला म्हटलं, “बारशाला मी जरा वाढवून सांगितलं होतं गं.”

तिनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“मंगळवारी रक्त चढवायचंय,” ती म्हणाली. “सकाळी साडेसहाला ये.”