कोळशातले दगड

शेठला मी आजही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. लोक म्हणतात, म्हातारा झाला बिचारा, सोड आता. केस पिकले म्हणून कोणी बिचारा होत नाही.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी नववीत होते. बाबा भिवंडीत शेठच्या सायझिंगवर बॉयलर सांभाळायचे. लूमवर चढण्याआधी सुताला खळ पाजायची आणि तापलेल्या सिलिंडरांवरून ते वाळवून काढायचं, हे सायझिंगचं काम. सिलिंडर तापतात वाफेने आणि वाफेसाठी कोळसा लागतो. लूमची वीजसुद्धा कुठेतरी कोळसा जाळूनच यायची, आणि ती गेली की जनरेटरमध्ये डिझेल जळायचं. जमिनीच्या पोटातलं उपसून जाळल्याशिवाय आमच्या गावात वारभर कापड निघत नव्हतं.

शाळेत बाईंनी शिकवलं होतं, कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीतली झाडं चिखलात गाडली गेली, वरून दाब आणि आतून उष्णता मिळून त्यांचा कोळसा झाला. पुस्तकात सगळं कसं सोज्वळ! शेठ आणायचा तो कोळसा बाईंनी पाहायला हवा होता. स्वस्तातला, दगडांनी भरलेला. दगड भट्टीत गेले की खालची जाळी चोंदायची, वाफेचा काटा चढायचा नाही, सूत ओलं राहायचं आणि शिव्या बाबांना. म्हणून तांदळातले खडे वेचावेत तसे बाबा ते दगड हाताने निवडून काढत. एकावर पानाचा ठसा होता. तो मी शाळेत नेला तेव्हा बाई म्हणाल्या, त्याच दलदलीतला चिखल हा, फक्त झाडांऐवजी मातीचा दगड झाला.

ड्युटी सुटली की बाबा घमेलंभर दगड आणून आमच्या चाळीच्या वाटेवर टाकायचे. पावसाळ्यात तिथे घोटाभर राड. वर्षभरात वाट पक्की झाली. बायका कौतुक करायच्या आणि बाबा उगाच मिशीवरून हात फिरवायचे. शेठला सांगावं, हे मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नाही. फेकायच्या दगडाचं काय विचारायचं?

मग एके दिवशी शेठ चाळीत आला. हा आमच्याच खारबाव गावाकडचा, लांबच्या नात्यातला. कोळसा दर खेपेला लवकर का संपतो, याचा त्याने शोध लावला होता. बाबांना रोज घमेलं नेताना कोणीतरी पाहिलं होतं.

"माझा कोळसा विकतोस काय रे?" सगळ्या चाळीसमोर विचारलं त्याने.

"शेठ, मी चोर न्हाय. दगर हायेत ते. या वाटेवरच हायेत."

"मग खण."

बाबांनी पहारीने आपलीच वाट उखडली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. दगडांचा ढीग झाला तरी शेठचं समाधान होईना. काळे दिसतात, जाळून दाखव म्हणाला. आईने आमच्या पेटत्या शेगडीवरची डाळ उतरवली आणि शेगडी बाहेर आणली. निखाऱ्यांत ते दगड घातले. सगळे बघत उभे. दगड तापले, एक तडकला, पेटला एकही नाही.

"बरं," शेठ म्हणाला आणि गाडीत बसून गेला. बरं! एवढंच.

मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. निदान त्या दिवशी कामावर जाणार नाहीत. ते चिखलाचे हात धुऊन आईला म्हणाले, "डबा दे. बॉयलर थंड परंल." आणि गेले.

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेठचा एवरा राग नको करू, पोरी." मी मान हलवली. माझा तो राग कोणावर होता, हे त्यांना मी कधीच सांगितलं नाही.