तापीकाठचा माणूस आणि खाडीचे पाणी

खाडीच्या चिखलात माझा पाय रुतला नव्हता. मी तो तेथे विचारपूर्वक ठेवला होता. आमच्याकडे मात्र दर हिवाळ्यात भरिताच्या पंगतीला माझा भाचा दिलीप नेमकी उलट कथा सांगतो, आणि मंडळी पुरी हातात धरून हसतात. तेव्हा खरे काय घडले, ते एकदा लेखी देणे भाग आहे.

दिलीपची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, एरंडोलच्या शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षे तिने तक्त्यावर पट्टी टेकवून रोहित पक्षी शिकवला. खरा कधी पाहिला नाही. निवृत्तीनंतर तो तक्ता तिने घरी आणून भिंतीला लावला. डॉक्टरांनी नजर आता फार दिवसांची नाही असे सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तक्त्यावरला गुलाबी रंग खरा की खोटा, तेवढं बघायचं राहिलं."

त्याच आठवड्यात आम्ही तिघे कोकणातल्या एका राखीव खाडीवर पोहोचलो. सोबत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे पातेलेभर भरीत. (ही कल्पना माझी. तिचे श्रेय दिलीप देत नाही.)

पाणी ओसरले होते आणि पक्षी म्हणजे दूरवर नुसती गुलाबी रेघ. अक्काला तीही दिसेना. वनरक्षकाने समोरच्या वाळूच्या उंचवट्यापर्यंत जाऊ दिले; मात्र भरती येते, शिट्टी वाजताच परत फिरा, असे बजावले. दिलीप कॅमेरा घेऊन काठावरच थांबला. (भित्रा!)

आता, ज्याचा जन्म तापीकाठी गेला, त्याला पाणी कोणी शिकवावे? आमच्याकडे दिवाळीनंतर ओसरलेले पाणी पावसाळ्यापर्यंत परतत नाही. त्या भरवशावर आम्ही पात्राच्या मधोमध पंगती बसवतो. मी तशीच बसवली. शिट्टी मला ऐकू आली नाही, हे असत्य आहे. ऐकू आली, तोंडात घास होता.

"नाना, पानी चढी ऱ्हायनं," अक्का म्हणाली.

"ओसरलेलं पाणी परत येत नसतं. पुरी घे."

"हाई तापी नई शे, नाना."

तोवर माझ्या चपला निघाल्या होत्या. त्यांच्यामागे भरिताचे पातेले, संथपणे डुलत! ते धरायला मी एक पाय खाली टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा मी वर धरला.

काठावरून दिलीपने सांगितले, होडी येते आहे, हलू नका. मी हललो नाही. दिलीप म्हणतो, हलता येत नव्हते. मी म्हणतो, हललो असतो तर पक्षी उडाले असते. कारण भरतीने त्यांचीही जागा बुडवली होती, आणि उथळ पाणी शोधत तो अख्खा थवा आमच्याच उंचवट्याशी येऊन उभा राहिला होता.

होडी आली. वनरक्षक मला जे बोलला, ते येथे लिहीत नाही. चूक माझी, हे मी त्याच्यापाशी कबूल केले. घरी अद्याप केलेले नाही. अक्का मात्र होडीत चढेना.

"थांबा थोडं," ती म्हणाली. "तक्त्याहून फिके आहेत." मग बऱ्याच वेळाने, "आणि तक्त्याहून बरे."

आता तिला काहीच दिसत नाही. तक्ता उतरवून तिने तेथे दिलीपने काढलेला फोटो लावून घेतला आहे: पाण्यात पाच जण, सगळे एका पायावर. पाहुणे आले की ती भिंतीकडे बोट करून सांगते, "यातला मधला पक्षी नाही हं, तो माझा भाऊ."

हे धादांत खोटे आहे. मी डावीकडून दुसरा आहे.