ईरप्पांची पंगत

शाहूपुरीतील गुळाचे अडते ईरप्पा हुक्केरी यांची कीर्ती त्यांच्या व्यापारापेक्षा त्यांच्या पंगतीमुळे अधिक होती. भाऊबंदकीत वैर पेटले की ते दोन्ही पक्षांना, एकमेकांचा सुगावा लागू न देता, जेवावयास बोलावीत आणि शेजारच्या पाटांवर बसवीत. वाढल्या ताटावरून उठणे म्हणजे अन्नाचा अपमान. त्यामुळे कोणी उठत नसे, आणि होळीगे, म्हणजे पुरणपोळ्या, संपण्यापूर्वी बोलणे सुरू होई. या रीतीवर त्यांची श्रद्धा होती.

अन्सेल्मो नावाचे प्रौढ कवी त्यांच्या माडीवर राहावयास आले ते १९९३ साली. स्पॅनिश भाषेत लिहिणाऱ्या या कवीने आपल्या देशाच्या लष्करी सत्तेविरुद्ध लिहिले, कारावास भोगला आणि देश सोडला. प्राध्यापक प्रसेनजीत कांबळे यांनी त्यांना कोल्हापुरात आणून शिकवण्या मिळवून दिल्या. स्वदेशी त्यांचे नाव छापणे हा गुन्हा होता. इथे त्यांची एक ओळही कोणी वाचली नव्हती, तरी न्हावी त्यांना पहिली खुर्ची देई. बसवजयंतीला ते आपल्या भाषेत कविता म्हणत, तेव्हा अर्थ न कळूनही मंडळी मान खाली घालून ऐकत.

मोडक्या मराठीत त्यांनी ईरप्पांना एकदा बजावले होते, "मी इथं आहे, त्यांना कळू नये. बहीण तिकडं आहे. इनेस."

ईरप्पांनी सरकारशी असलेले हे वैरही घरच्या रुसव्यासारखेच मानले.

कवींच्या साठीचे निमित्त साधून त्यांनी मुंबईतील ओळखीच्या व्यापाऱ्याकरवी त्या देशाच्या वकिलातीतील अधिकाऱ्याला जेवणाचे निमंत्रण धाडले. त्यांच्या पत्नी शांतादेवींना ते रुचले नाही.

"अवं, पावण्यास्नी इचारलं तरी काय?"

"इचारून कुणाचं भांडण मिटलंय? तू होळीगे कर."

"पंच व्हायची लई हौस तुमास्नी. एक दिवस अंगाशी येईल."

कवी माडीवरून उतरले आणि आपल्या शेजारच्या पाटावर कोण बसले आहे ते त्यांनी पाहिले. चेहरा पांढरा पडला. परंतु ही रीत तेही शिकले होते. ते बसले, जेवले, एक शब्द बोलले नाहीत. अधिकारी मात्र तोडक्या हिंदीत होळीगेची स्तुती करीत राहिला. ईरप्पांचे मन भरून आले. निरोप देताना ते आपल्या हिंदीत म्हणाले, "साहेब, इनकी बहन है उधर, इनेस. उसको बोलना, भाऊ मजेत है."

"जरूर," तो हसून म्हणाला.

महिनाभरात इनेसला भावाशी संबंध ठेवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. कवींनी ईरप्पांना दोष दिला नाही. बहिणीच्या सुटकेसाठी काही करता यावे म्हणून ते त्या देशाच्या सीमेलगतच्या एका गावी निघून गेले.

प्रसेनजीतांनी समजूत घातली, "तुम्हाला काय कल्पना, ईरप्पा?"

"सांगितलं व्हतं की त्यांनी. म्या ऐकलं, पर आपल्या गल्लीतलं समजून ऐकलं."

त्यानंतर तंटा घेऊन येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवू लागले. आतिथ्याची कोणी प्रशंसा केली की उठून आत जात. सोमवारच्या पूजेत हातातील इष्टलिंगाकडे पाहताना त्यांची दृष्टी खाली वळे. ज्या पुण्याईच्या बळावर ते समाजात मानाने वावरले, तिनेच एका निरपराध स्त्रीला बंदिवासात लोटले होते.

२००२ मध्ये कवींचा दूरध्वनी आला. तिकडची राजवट पालटली होती.

"इनेस सुटली, ईरप्पा."

 ईरप्पांनी विचारले, "बरी हाय न्हवं? तुमच्याजवळच हाय?"

"नाही. तिनं माझ्याशी बोलणं तोडलं. म्हणते, तू त्या माणसाशेजारी बसून जेवलास, आणि मी तुरुंगात गेले."

"पर दोष माझा हाय. तिला सांगा की तसं."

"सांगितलं. म्हणते, उठायचं होतंस."

रुसलेल्या भावाबहिणींना आयुष्यभर एकत्र बसवणाऱ्या त्या वृद्धाने दूरध्वनी दोन्ही हातांनी धरला.

"आता म्या काय करू, पावणं?"

"काही करू नका, ईरप्पा," कवी हळुवारपणे म्हणाले.